शिमोनच्या डावीकडची जागा

माझी कबर खणायला घेतली आहे हे मला भाजीवाल्याकडून कळलं. फुलसिंगचा गाडा रोजच्यासारखा दारात थांबला होता, मी वांगी निवडत होते, आणि तो दोडके तोलता तोलता म्हणाला, "बाई, कबरस्थानात तुमच्या जागेवर पोरं खंदून राहिले. म्या म्हणलं, बाईला काय झालं का काय. तुमी तर हायेत की." त्याचा रस्ता रेल्वेरुळांपलीकडून, आमच्या कबरस्थानाच्या भिंतीला लागून येतो, आणि ती भिंत इतकी बुटकी आहे की आतल्या मेलेल्यांची नावं त्याला एव्हाना पाठ झाली असतील. मी जिवंत आहे एवढी खात्री करून तो पुढच्या दाराकडे गेला. मी पायरीवर तशीच उभी राहिले. मे महिना, सकाळीच फरशी तापायला लागलेली. घाबरले असं म्हणणार नाही. राग आला. राग मला लवकर येतो आणि पुष्कळ टिकतो, हे हिंगोलीच्या आमच्या मंडळीत लहान लेकरालाही ठाऊक आहे. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझ्या बाकावर चुकून कोणी बसलं तर त्याला शेजारचाच माणूस हळूच उठवतो.

माझा नवरा शिमोन पाईकराव पाटबंधारे खात्यात होता. सिद्धेश्वरच्या कालव्यावर त्याची सगळी नोकरी गेली. माती त्याला फार कळायची, माणसं त्या मानाने कमी. त्याची आई, माझ्या सासूबाई जनकाबाई, अशाच एका मे महिन्यात वारल्या, तेव्हा कबरस्थानात वीतभर मातीखाली मुरूम लागला आणि मुरुमाखाली खडक. पोरांच्या हातांना फोड आले. सासूबाई बर्फाच्या लाद्यांवर दुपार कलेपर्यंत वाट पाहत पडून राहिल्या आणि लाद्यांचं पाणी ओटीवरून रस्त्यावर वाहत गेलं. पुढच्या हिवाळ्यात शिमोन कालव्यावरची माणसं घेऊन गेला, आईच्या कबरीच्या डाव्या अंगाला खडक फोडून दोन खड्डे खणून घेतले, पूर्णेची वाळू आणि काळी माती कालवून ते पुन्हा भरले, दोघांना मिळून एकच सिमेंटचा कठडा बांधला आणि डोक्याशी दगड लावला. दगडावर त्याचं नाव, माझं नाव, दोघांची जन्मसालं आणि पुढे नुसती रेघ. हे सगळं उरकल्यावर त्याने मला सांगितलं, तेही जेवताना. "आता तुला तकलीफ न्हाई. कवाबी जा." मी ताट सरकवून उठले. कुठला नवरा बायकोला असली भेट देतो? कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. नंतर तोच आधी गेला. त्याचा खड्डा पोरांनी नुसत्या फावड्याने मोकळा केला, घाम यायच्या आत, आणि कठड्याशी उभी राहून ती भुसभुशीत माती पाहताना मला कळलं की या माणसाने माझ्यासाठी काय करून ठेवलं आहे. ईस्टरच्या पहाटे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येतात. मी माझ्या अर्ध्या भागावर चटई टाकून बसते, थर्मासमधला चहा पिते, शेजारी शिमोन. मला त्या जागेचा लळा लागला आहे. माणसं घराला जीव लावतात, मी तिथे लावला. माझी मुलगी केतकी पुण्याला असते, दर आठवड्याला फोनवर विचारते की आई, त्या हिंगोलीत तुझं असं काय ठेवलंय. मी तिला सांगत नाही. पण तेवढंच ठेवलं आहे, आणि आज सकाळी ते कोणीतरी उकरत होतं.

मोबाइल मी रात्री कपाटात ठेवते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून जन्म काढला, कानाला यंत्र लावून. म्हातारपणी तेवढी सुटका मला हवी. कपाट उघडलं तर पाळकांचे फोन येऊन गेलेले होते, एकामागून एक. आमचे पाळक खंदारे तरुण आहेत, मला मावशी म्हणतात आणि माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात. आमच्या मंडळीतल्या नर्सची, पुनमची आई काल संध्याकाळी वारली, ते सांगत होते. उजाडल्यापासून पोरं मागच्या कोपऱ्यात खणत होती, गुडघाभर गेल्यावर खडक लागला. ब्रेकर मशीनवाला येतो म्हणाला आणि मग येत नाही म्हणाला, त्याला कोणीतरी जाऊ नको सांगितलं. भिंतीपलीकडच्या प्लॉटिंगमधली माणसं फाटकाशी जमायला लागली आहेत, बाहेरच्यांना इथे पुरू देणार नाही म्हणताहेत. अजून गर्दी वाढायच्या आत उरकायला हवं. मी विचारलं, आणि माझी जागा? त्यांनी अगदी साधेपणाने, जणू मीच विसरले आहे अशा सुरात म्हटलं, "मावशी, तुम्हीच तर दिलीत. शुक्रवारी. प्रार्थनेत."

शुक्रवारी भगिनी मंडळाची प्रार्थना पुनमच्या खोलीवर होती, म्हातारीचं दुखणं वाढलं होतं म्हणून. प्रार्थना करायला नेहमीसारखं मलाच सांगितलं. माझा आवाज चांगला आहे. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही, त्या आवाजावर सरकारने मला पगार दिला आहे. नांदेड, परभणी, औरंगाबाद, कुठलाही कॉल जोडताना माझा आवाज ऐकून माणसं भांडायची थांबत. तोच आवाज प्रार्थनेला लागला की बायका डोळे पुसतात, आणि मलाही आतून गोड वाटतं, का नाही म्हणू? त्या दिवशी मी डोळे मिटून म्हटलं, प्रभू, ही माणसं आपलं घरदार गमावून आमच्या दारी आली आहेत, माझं जे काही आहे त्यातलं यांना जे लागेल ते तू घे आणि यांना दे, मी नाही म्हणणार नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. चांगलं झालं वाक्य, असं माझ्या मनात आलं. बस्स, एवढंच. आमच्याकडे प्रार्थनेत सगळेच सगळं देऊन टाकतात. प्रभू माझं सर्वस्व तुझं, म्हणतात, आणि आमेन झाल्यावर आधी दाराशी आपली चप्पल आहे का ते बघतात. त्यात खोटं काही नसतं. ते त्या वेळेचं बोलणं असतं. पण असलं बोलणं शब्दाला शब्द धरून उचलायचं, त्यावर फावडं चालवायचं, हे कुठल्या मंडळीत झालं आहे? मी पाळकांना म्हटलं, मी येईपर्यंत हात लावू नका. ते म्हणाले, मावशी, खणून होत आलं.

खरं सांगायचं तर मला ती माणसं पहिल्यापासून आवडली नाहीत. पुनम गावातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिचं नाव होईनू, पण पेशंटच्या तोंडात बसत नाही म्हणून डॉक्टरने पुनम करून टाकलं, तेच सगळीकडे चालतं. मणिपूरच्या डोंगरात कुठेतरी तिचं गाव. तिथे दोन वर्षांपूर्वी दंगे झाले, घर जळालं, देऊळ जळालं, आणि तिचे आईबाप छावणीत काही महिने काढून तिच्याकडे आले. मंडळीने देवळाच्या आवारातली जुनी खोली दिली. तेव्हा सभेत मी विरोध केला होता आणि आजही करीन. पाहुणे म्हणून येणारा माणूस जायची तारीख मनात घेऊन येतो. यांच्याकडे जायला गावच नव्हतं. त्यांच्या खोलीतून आंबवलेल्या मासळीचा वास यायचा, उपासना चालू असली तरी यायचा. बाप कोणाशी बोलायचा नाही, आवारातल्या वाळलेल्या चिंचेखाली बसून कुणाकुणाच्या कुदळी-फावड्यांना दांडे घालून द्यायचा. आणि म्हातारी. ती येऊन बसायची माझ्याच बाकावर, पंख्याखाली, मी उठवलं तर हसून थोडं सरकायची आणि तिथेच राहायची. मी गाऊ लागले की माझ्या आवाजाच्या खालून तिचा दुसराच सूर चालू व्हायचा. त्यांच्याकडे म्हणे असंच गातात, प्रत्येक जण वेगळा. मला ते अंगाखालून कोणी चादर ओढत असल्यासारखं वाटायचं. एकदा मी मुद्दाम गाणं मध्येच तोडलं, तर तीही थांबली, माझ्याकडे बघत, मी पुन्हा कधी सुरू करते त्याची वाट बघत. उन्हाळ्यात वीज गेली की ती माझ्या ओट्यावर यायची. बोलवायची गरजच नव्हती. मराठी नाही, हिंदी नाही, नुसती बसून राहायची. एका दुपारी माझे पाय सुजले होते, तिने न विचारता एक पाय मांडीवर घेतला आणि दाबायला लागली. अंगठ्यांना जोर होता. मी पाय ओढून घेतला आणि आत जाऊन कडी लावली. खिडकीतून पाहिलं तर ती ओट्यावरच होती, मोकळे हात मांडीवर ठेवून. एवढ्या काळात मी तिचं नाव विचारलं नाही. आता ती माझ्या नवऱ्याच्या शेजारी झोपायला निघाली होती, जन्मभर, म्हणजे त्याहूनही पुष्कळ जास्त.

रिक्षात बसले तेव्हा काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. माझी जागा आहे, या बाहेरच्या बाईला इथं घ्यायचं नाही. माती लोटा. एवढंच. पाळक आज कुठली गोष्ट काढणार हेही मला माहीत होतं: अब्राहाम परमुलखात राहत होता, त्याची बायको मेली, आणि त्याने तिथल्या लोकांपाशी वाकून पुरायला जागा मागितली. ते सांगतील आणि सगळे माझ्याकडे बघतील. बघू देत. अब्राहामाने जागेची किंमत मोजून घेतली होती, कोणाच्या प्रार्थनेतून उचलली नव्हती. आणि दुसरी गोष्ट काढतील ती आमच्या घरचीच, कारण ती मीच कधीतरी महिलादिनाला सांगून ठेवली आहे. माझी आजी आखाडा बाळापूरची. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना टाकलं. गावाने तर आधीच टाकलेलं होतं. आजी गेली तेव्हा भावकीच्या मसणवट्यात जागा नाही, दुसरीकडे कुठे नाही. बैलगाडीत तिला घालून हिंगोलीपर्यंत आणली, ज्येष्ठातल्या उन्हात, आणि माझे वडील, तेव्हा पोरगं असतील, वाटभर तिच्या तोंडावरच्या माश्या हाकत होते. मग काय? त्यातून लोक धडा काढतात की म्हणून आपण दुसऱ्याला जागा द्यावी. मला तो धडा कधी पटला नाही. आम्हाला कोणी दिली नाही, आम्ही गाडी हाकत आलो, खडक फोडला आणि मिळवली. ज्याने मिळवली त्याने ती धरून ठेवावी. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं, मी बहुतेक मोठ्याने बोलत होते.

फाटकाशी पाच-सहा मोटरसायकली आडव्या लावलेल्या होत्या. त्यांच्यातला एक पुढे आला, मला हात देऊन रिक्षातून उतरवलं, रिक्षाचे पैसे देऊ लागला. तो मुकुल. त्याची आई एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डवर होती, याला मी दुपट्यात पाहिलेला आहे. आता कबरस्थानाच्या पलीकडे त्याचे प्लॉट आहेत, आणि खिडकीतून क्रूस दिसतात म्हणून गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, हे त्याने मला मागेच एका लग्नात हसत हसत सांगितलं होतं. "काकू, आमचं तुमच्याशी काय बी न्हाई," तो म्हणाला. "तुमी तर आपल्या. पन हे कुठले, काय, कागद हायेत का न्हाईत, कोनाला म्हाईत? अन् तुमची हक्काची जागा अशी दाबून राहिले. तुमी फकस्त न्हाई म्हना. बाकी आमी बघतो." मला बरं वाटलं. हे कबूल करायला हवं, माझ्या बाजूने बोलणारा सकाळपासूनचा तो पहिला माणूस होता. मी म्हटलं, थांब इथे, मी बघते. तो थांबला नाही. मागून चालत आला, हातात मोबाइल समोर धरून, आणि त्याच्या मागे बाकीचे.

कठड्याच्या आत शिमोनची कबर आहे तशी होती आणि शेजारी खड्डा. पोरं छातीइतकी आत गेली होती. बाजूला वाळू-मातीचा ढीग, आणि वाळू अजून ओलसर, एवढ्या उन्हात. माझ्यासाठी आणलेली वाळू. मी त्या खड्ड्यात पाहिलं. शिमोनच्या बाजूची कड सरळ कापली होती, कालव्याच्या कडेसारखी, आणि मला वाटलं की थोडं उकरलं तर तो दिसेल, आणि तो विचारील की तू अजून वर काय करतेस. मला शिमोनचाही राग आला. एवढी मऊ जागा करून ठेवलीस म्हणून तर लोकांची नजर गेली. खडक ठेवला असतास तर कोणी फिरकलं नसतं. पाळक काखेत पवित्र शास्त्र धरून उभे होते, त्यांनी अब्राहामाचं नावही काढलं नाही. पलीकडे भिंतीच्या बारीक सावलीत पेटी ठेवली होती, म्हणजे ती येऊन पोचली होती. पेटीशी म्हातारा, आणि नर्सचा पांढरा गणवेश न बदलताच आलेली पुनम. ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. मी तिला म्हणाले, मला एकदा विचारायचं होतंस. तिने मान हलवली. तिला वाटत होतं विचारायची गरज नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तेच मला सहन होईना. ती हिंदीत बोलते, तुटक तुटक.

"आंटी, मम्मी को बहुत डर था," ती म्हणाली. "हमारा गाँव नहीं है अब, तो मिट्टी कहाँ मिलेगी, रोज यही पूछती थी. शुक्रवार को मैंने बता दिया, आंटी ने प्रार्थना में बोला है, जगह मिल गई. उसके बाद नहीं पूछा. सोती थी."

मी ते वाक्य छान जमलं म्हणून खूश होऊन घरी गेले होते, भाकरी खाऊन झोपले होते, आणि इकडे ही म्हातारी त्या वाक्यावर डोकं टेकून शांत झोपली होती. शनिवार, रविवार, सोमवार. रविवारी देवळात आली नाही म्हणून माझा बाक मोकळा मिळाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. माझी चिडचिड वाढतच गेली. मेलेल्या माणसाला दिलेलं परत कसं घ्यायचं, ती समोर असती तर हाताने सरकवली असती. जिवंतपणी तिला उठवता येत होतं. आणि तरीही मी नाहीच म्हणणार होते. जीभ टाळूला लावून तयार होते, हे मला पक्कं आठवतं.

तेवढ्यात मुकुल माझ्या खांद्याशी आला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकूची न्हाई हाये बरं का. काकू म्हनून राहिल्या, माझी जागा हाये, ह्या भायेरच्या बाईला इथं घ्यायचं न्हाई. माती लोटा." अगदी माझं वाक्य. शब्द माझे, क्रमही माझा, फक्त आवाज त्याचा, आणि त्या आवाजात ते कसं ऐकू येतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. एक्स्चेंजमध्ये कधी कधी दोन लाइनी एकमेकींत घुसायच्या आणि तिऱ्हाईताच्या तोंडून भलत्याचंच बोलणं ऐकू यायचं. तेव्हा जशी शिसारी यायची तशी आली. तो माझ्याकडे बघून हसला, बघा, तुमचं काम केलं, अशा थाटात. तुमी तर आपल्या. कधीपासून? ज्या दिवशी माझी खरीच वेळ येईल त्या दिवशीही याची मोटरसायकल फाटकात आडवी असेल, याच्या खिडकीतून माझाही क्रूस दिसणारच आहे. म्हाताऱ्याला शब्द कळले नव्हते, पण माणसं कळली होती. तो पेटीच्या पुढे येऊन उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना सोडून. घर जाळायला आलेल्यांच्या पुढेही असाच उभा राहिला असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मला ते मनात यायला नको होतं. मी खोटं बोलत नाही, मला त्या माणसांची माया आली नाही. मला मुकुलचा राग आला आणि माझ्याकडे जेवढा राग होता तो सगळा तिकडे वळला.

"मुकुल," मी म्हटलं, एक्स्चेंजच्या आवाजात, तोच आवाज, प्रार्थनेचाही तोच. "माझी 'नाही' तू म्हणायची नाहीस. ही माझी पाहुणी आहे. मी बोलावलीय तिला. माझ्या जागेवर ती झोपेल. मी कुठं झोपायचं ते मी बघीन. तुझ्या मोबाइलात आलं का नीट, की परत सांगू?"

त्याने मोबाइल खाली घेतला. मग म्हणाला, "काकू, काहून असं करून राहिल्या? तुमचंच नुस्कान हाये." त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं, आणि नुकसान माझंच होतं हे तो बरोबर बोलत होता. मी त्याला फाटक दाखवलं. जागा माझ्या नावाची, दगडावर माझं नाव, मी समोर उभी. ते गेले, म्हणजे फाटकापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. पुन्हा येतील. कधीतरी माझ्याही घरावर येतील. मी सासूबाईंच्या कबरीच्या कडेवर बसले. पेटी खाली उतरवताना पाळकांनी तिचं नाव घेतलं, नेंगबोई, त्यांनाही ते धड उच्चारता आलं नाही. पुनमने आणि म्हाताऱ्याने एक गाणं म्हटलं, दोन वेगळे सूर, आणि त्यात कुठेतरी तिसऱ्याची जागा रिकामी राहिल्यासारखी वाटत होती. मी गायले नाही. पोरांनी माती लोटली. ती माती किती हलकी पडते ते मला ठाऊक होतं. सगळा वेळ मी माझ्या नावाकडे बघत होते. दगडावर ते तसंच होतं आणि त्याच्याखाली आता दुसरीच बाई होती. मी रडले. तिच्यासाठी नाही, शिमोनसाठीही नाही, माझ्यासाठी. एवढं मोठं जग आणि त्यात मला हक्काने आडवं व्हायला होती ती एकच जागा, आणि ती मी रागाच्या भरात देऊन बसले होते. केतकीला आता काय सांगायचं? ती म्हणेल, झालं तर मग, आता ये पुण्याला.

ऊन चढलं तशी माणसं पांगली. पाळक मला सोडायला थांबले होते, मी त्यांना पुढे व्हा म्हटलं, मला त्यांचं आभाराचं तोंड बघायचं नव्हतं. म्हातारा गेला नाही. त्याने बायकोच्या मातीवरून एकदा हात फिरवला, उठला, भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि मागच्या कोपऱ्यात चालत गेला, जिथे पोरांनी सकाळी खणून सोडून दिलं होतं. मला वाटलं हत्यारं आवरतो आहे. मग घाव ऐकू आला. खडकावर पहार पडली की एक कोरडा, दातांत जाणारा आवाज येतो. पुन्हा आला. पुन्हा. पुनम धावत गेली, त्यांच्या भाषेत काही बोलली, त्याने मान वर न करता उत्तर दिलं. ती माझ्याकडे परत आली तेव्हा काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"बोल रहे हैं, आंटी की जगह बनानी है," ती म्हणाली. "रोज थोड़ा थोड़ा करेंगे. काम तो कुछ है नहीं."

मी तिला म्हटलं, त्याला सांग की मी अजून धडधाकट आहे. सांग की मला कोणाचे उपकार नकोत. सांग की असल्या उन्हात या वयात पहार चालवली तर तोच आधी जाईल आणि मग पुन्हा जागेची पंचाईत. तिने यातलं काही सांगितलं की नाही माहीत नाही. तो घाव घालतच होता, सावकाश, दम घेत, अंगातला बनियन पाठीला चिकटलेला, आणि दगडाच्या बारीक कपच्या उडत होत्या. मी बघत बसले. तो कोपरा मला कधीच आवडलेला नाही. भिंतीच्या पलीकडून प्लॉटिंगचं सांडपाणी तिथे झिरपतं, आणि तिथून शिमोनचा दगडसुद्धा दिसत नाही. तिथे मी झोपणार? एकटी, त्या घाणीत? मला विचारलं कोणी? मी उठले. गुडघे धरून, कबरींच्या मधून वाट काढत गेले आणि वर उचललेली पहार हाताने धरली. तो थांबला. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. डोळे लाल होते आणि ओठांवर मातीची पूड बसली होती. मी पहार सोडली नाही. तशीच ओढत चालू लागले, आणि तो पहारीच्या दुसऱ्या टोकाला धरून मागे आला, कठड्यापर्यंत, कठड्याला वळसा घालून पलीकडे, त्याच्या बायकोच्या डाव्या अंगाला. तिथे गवताचं पातंही उगवत नाही. मी चपलेच्या टाचेने जमीन ठोकली, खाली खडक होता.

"इथं," मी मराठीतच म्हटलं. "तिकडं सासूबाई आहेत, तिकडं जागा नाही. इथं घे. हिच्याजवळ."

त्याने जमिनीकडे पाहिलं, मग मी किती उंच आहे ते डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, आणि पहारीच्या टोकाने दगडावर एक रेघ ओढली. मी म्हटलं, थोडी अजून लांब घे, मला पाय पसरून झोपायची सवय आहे.